सुदानमध्ये नेमकी किती माणसं गेली, आणि डायलिसिसवाचून गेलेला माणूस त्यात धरायचा का?

प्रश्न पुण्याहून आला आहे. विचारणाऱ्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन सुदानी विद्यार्थी भाड्याने राहतात. त्यातल्या एकाचे वडील सुदानच्या राजधानीत, खार्टूमला होते आणि त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. एप्रिल २०२३ मध्ये लढाई सुरू झाली, डायलिसिसचं केंद्र बंद पडलं, आणि काही आठवड्यांत ते गेले. प्रश्नकर्ते लिहितात: "मी त्याला म्हटलं, म्हणजे वडील युद्धातच गेले म्हणायचे. तो म्हणाला, नाही काका, युद्धात माझा चुलतभाऊ गेला, वडील आजाराने गेले. मग मी नेटवर आकडा शोधायला बसलो. कुठे वीस हजार, कुठे साठ हजार, कुठे दीड लाख, एके ठिकाणी तर चार लाख. एवढा फरक कसा? तिथे कुणी मोजत नाही का, की सगळेच खोटं बोलतात?"

मी साथरोगशास्त्रातली डॉक्टर आहे. माणसं किती मेली आणि कशाने मेली हे शोधणं, एवढंच माझं काम. सुरुवात मेळघाटात बालमृत्यूंच्या नोंदी तपासण्यापासून झाली. पुढे २०१४ साली दक्षिण सुदान या शेजारच्या वेगळ्या देशातल्या बेंतियूला गेले आणि २०२३ च्या पावसाळ्यात चाडच्या सीमेवरच्या अद्रे गावी. खार्टूममध्ये मी काम केलेलं नाही, त्यामुळे तिथलं जे सांगेन ते इतरांच्या अभ्यासांवरून.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, युद्धातला मृत्यू म्हणायचं कशाला. दुसरा, नोंदवही लिहिणारी यंत्रणाच पळून गेलेली असताना मोजायचं कसं. तुम्हाला सापडलेले आकडे बहुतेक खोटे नाहीत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि बातमीत छापताना प्रश्न गाळून नुसतं उत्तर छापलं जातं.

वीस हजाराचा आकडा घ्या. अ‍ॅक्लेडसारखे प्रकल्प बातम्या, स्थानिक कार्यकर्ते, व्हिडिओ यांतून एकेका चकमकीची, एकेका बॉम्बहल्ल्याची नोंद करतात आणि त्यातले मृत्यू जोडत जातात. २०२४ च्या अखेरीला त्यांच्या नोंदीत सुदानमधले २८ हजारांहून जास्त मृत्यू होते. हे काम प्रामाणिक आहे, पण ज्या घटनेची बातमी झाली तेवढीच त्यात येते. खार्टूममध्ये महिनोन्‌महिने फोन आणि इंटरनेट बंद होतं. ज्या गल्लीतून बातमीच बाहेर पडली नाही, ती गल्ली या यादीत नाही. हा आकडा म्हणजे तळ. याच्या खाली खरा आकडा असू शकत नाही, वर कितीही असेल.

साठ हजाराचा आकडा लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या गटाचा, नोव्हेंबर २०२४ मधला. तो वाचताना तीन गोष्टी हमखास निसटतात. तो अख्ख्या सुदानचा नाही, फक्त खार्टूम राज्याचा आहे. तो एप्रिल २०२३ ते जून २०२४ एवढ्याच काळाचा आहे. आणि तो सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंचा आहे: ६१ हजारांहून जास्त, त्यातले २६ हजारांवर हिंसेने. त्यातले काही लोक शांततेच्या काळातही गेलेच असते, पण एकूण मृत्यूचा दर युद्धापूर्वीच्या साधारण दीडपट निघाला. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा): एकट्या खार्टूम राज्यातले हिंसेचे मृत्यू २६ हजार, आणि त्याच काळात अख्ख्या देशाची बातम्यांवरून केलेली नोंद वीस हजारांच्या आसपास. म्हणजे नोंदीबाहेर किती राहिलं याचा अंदाज करा. त्या अभ्यासाप्रमाणे खार्टूममधले दहातले नऊ मृत्यू कुठल्याच यादीत आलेले नव्हते.

मग यादीत नसलेली माणसं यांनी मोजली कशी? लग्नाचं उदाहरण देते. किती पाहुणे आले हे कुणी मोजलं नाही. मामांनी आठवून शंभर नावं लिहिली. आत्याने स्वतंत्रपणे, मामांना न विचारता, ऐंशी लिहिली. दोन्ही याद्या जुळवल्या तर चाळीस नावं सारखी निघाली. आत्याच्या ऐंशीतली निम्मीच मामांच्या यादीत आहेत, म्हणजे मामांना एकूण पाहुण्यांपैकी साधारण निम्मे आठवले. तेव्हा पाहुणे सुमारे दोनशे. लंडनच्या गटाने हेच तीन याद्यांवर केलं: समाजमाध्यमांवरून सर्वांसाठी खुली प्रश्नावली, ओळखीच्या जाळ्यातून फिरवलेली खासगी प्रश्नावली, आणि फेसबुकसारख्या ठिकाणी लोकांनी टाकलेल्या निधनाच्या बातम्या. याद्या एकमेकींशी फार थोड्या जुळल्या, त्यावरूनच कळलं की बाहेर राहिलेली माणसं खूप आहेत. या पद्धतीची दुखरी नसही सांगते. जो मामांना आठवत नाही तो आत्यालाही आठवत नसेल, तर तो हिशोबातून पूर्ण सुटतो. ज्याचे नातेवाईक फेसबुकवर नाहीत असा खार्टूमच्या जुळ्या शहरातला, उम्म दुर्मानमधला हातगाडीवाला तिन्ही याद्यांत नसण्याचीच शक्यता जास्त.

दीड लाखाचा आकडा २०२४ मध्ये अमेरिकेचे सुदानसाठीचे तेव्हाचे विशेष दूत टॉम पेरिएलो यांच्या बोलण्यातून पसरला. तो अंदाज आहे, मोजणी नाही. चार लाखांबद्दलही मी तेच म्हणेन. अंदाज कसा काढला हे सोबत नसेल तर तो आकडा मी माझ्या वहीत घेत नाही. तो चूक आहे असं नाही म्हणत, खरंही असेल. पण तपासता येत नाही.

आता अद्रेला काय केलं ते सांगते, म्हणजे "कुणी मोजत नाही का" याचं उत्तर मिळेल.

अद्रे हे चाडमधलं चाळीसेक हजार वस्तीचं गाव. तिथून सीमेपलीकडे तीसेक किलोमीटरवर एल जिनैना, सुदानच्या पश्चिम टोकाच्या दारफूर प्रांतातल्या पश्चिम दारफूर राज्याची राजधानी. युद्ध मुळात दोन सेनापतींचं: लष्कराचे बुऱ्हान आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' या निमलष्करी दलाचे दगालो, ज्यांना सगळे हेमेद्ती म्हणतात. पण दारफूरमध्ये त्याला जुन्या जमातींच्या वैराची धार आली. हे दल ज्यातून उभं राहिलं त्या जंजावीद टोळ्यांनी वीस वर्षांपूर्वी तिथे केलेल्या कत्तली लोक विसरलेले नव्हते. जून २०२३ च्या मध्यावर जिनैनातले मसालित जमातीचे लोक जीव घेऊन अद्रेकडे निघाले आणि वाटेवर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. अद्रेच्या छोट्या रुग्णालयात तीन दिवसांत आठशेहून जास्त जखमी आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने पुढे त्या एका शहरातल्या मृतांचा आकडा १० ते १५ हजार दिला.

मी पोचले तेव्हा गोळ्यांचे जखमी ओसरले होते. पाऊस चालू होता, काठ्या आणि ओढण्यांच्या झोपड्या मैलभर पसरलेल्या, आणि आमच्या हातात कागद. घरोघरच्या मृत्यू-सर्वेक्षणात "किती मेले?" असं विचारत नाहीत. तसं विचारलं की माणूस एक तर रडतो नाहीतर गप्प होतो, आणि दोन्हींत आकडा मिळत नाही. आम्ही घर उभं करतो. हे युद्ध सुरू झालं १५ एप्रिलला, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत. तारखा कुणाला आठवत नाहीत पण तो रमजान सगळ्यांना आठवतो. म्हणून पहिला प्रश्न: "रमजानच्या शेवटी तुमच्या घरात रात्री झोपायला कोण कोण होतं?" घरातली बाई एकेक नाव घेते, आम्ही एकेक ओळ लिहितो. मग: "यातलं आज इथे कोण आहे?" जो नाही त्याच्या ओळीशी थांबायचं. गेला? कधी, बकरी ईदच्या आधी की नंतर? कशाने? की दुसरीकडे आहे? की मफ्कूद?

मफ्कूद म्हणजे बेपत्ता. आमच्या तक्त्यात आधी जिवंत आणि मृत असे दोनच रकाने होते. पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिसरा पाडावा लागला. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदतसंस्थेने जवळच्याच उरांग छावणीत केलेल्या सर्वेक्षणात जिनैनातला त्या महिन्यांतला मृत्युदर युद्धापूर्वीच्या विसपट निघाला. मेलेले बहुतेक पुरुष, बहुतेक गोळीने. आणि १५ ते ४४ वयाच्या दर वीस पुरुषांत जवळपास एक जण बेपत्ता. हे बेपत्ता कुठल्याच मृत्यूच्या आकड्यात नसतात. बायको त्याला मेलेला म्हणत नाही, आणि आम्हीही तिच्यासमोर म्हणत नाही.

अद्रेला मला मेळघाट आठवला तो एका वेगळ्याच कारणाने. सुदानमध्ये मूल जन्मल्यावर सातव्या दिवशी नाव ठेवतात, त्याला सिमाया म्हणतात. आपल्या बारशासारखंच. त्याआधी मूल गेलं तर घर उभं करताना आई त्याचं नाव घेत नाही, कारण नावच नसतं. धारणीकडच्या पाड्यांवर बारशाआधी गेलेली मुलं अशीच नोंदीतून सुटायची. म्हणून आम्ही मधेच एक प्रश्न घातला: "रमजानमध्ये घरात पोटुशी कोण होती?" आणि मग प्रत्येक पोटाचा शेवटपर्यंत माग काढायचा. त्या एका प्रश्नाने आमचा तान्ह्या मुलांच्या मृत्यूंचा रकाना भरायला लागला.

आणि माझी फसगत. ती बेंतियूची. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या कुंपणाआड चाळीसेक हजार लोक राहत होते, पावसाळ्यात झोपड्यांत गुडघाभर पाणी. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात मृत्युदर इतका चांगला आला की मी खूश झाले. मग कबरस्तानाच्या बाजूला रोज सकाळी नव्या कबरी मोजायला एक माणूस ठेवला होता, त्याच्या वहीशी ताळा करून पाहिला. जमेना. कबरी जास्त भरत होत्या. कारण एका आजीने सांगितलं, तेही तिसऱ्या भेटीत, दुभाष्याला बाहेर पाठवून, हातवाऱ्यांनी आणि तिच्या नातीच्या मोडक्या इंग्रजीतून: शिधापत्रिकेवर डोई मोजून ज्वारी मिळते. मेलेल्याचं नाव सांगितलं तर त्याची ज्वारी बंद. घरात सहा तोंडं आणि पत्रिकेवर आठ, एवढ्यावरच ते घर तगून होतं. माझा छान मृत्युदर त्या दोन जास्तीच्या नावांवर उभा होता. पुढच्या फेरीत शिधावाटपाशी संबंध नसलेली माणसं नेमली, नावं लिहिणं बंद केलं, आणि पहिला प्रश्न जन्मांबद्दलचा ठेवला. दर वर गेला. तेव्हापासून फार चांगला आकडा आला की मला आधी शंका येते.

याहून मोठी खोट आहे आणि तिला इलाज नाही. आम्ही विचारतो घरातल्या कुणाला तरी. ज्या घरातलं कुणीच उरलं नाही, ते घर आमच्या सर्वेक्षणात येतच नाही. जितकी कत्तल मोठी, तितकी तिची मोजणी अपुरी.

आता हे आकडे मोजायचे कशाशी ते सांगते, म्हणजे पुढे बातमी वाचताना उपयोग होईल. आम्ही दर दहा हजार माणसांमागे रोज किती मेले हे बघतो. सुदानसारख्या देशात शांततेत हा दर ०.२ च्या आसपास, म्हणजे लाखाच्या वस्तीत रोज दोन मृत्यू. दर १ झाला, म्हणजे लाखामागे रोज दहा, की आणीबाणी धरतात. २ झाला, म्हणजे रोज वीस, की दुष्काळाच्या व्याख्येतली एक अट पुरी होते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी या मर्यादा दुप्पट. नेहमीचा दर आणि आताचा दर यांतला फरक म्हणजे जादा मृत्यू. कोविडमध्ये आपल्याकडे याच हिशोबावरून वाद झाले होते ते आठवत असेल.

या हिशोबाचा जीव नेहमीच्या दरात आहे. तो किंचित हलला की लाखांनी फरक पडतो. काँगोचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. १९९८ ते २००७ या काळात तिथे ५४ लाख जादा मृत्यू झाले असं इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या मदतसंस्थेच्या सर्वेक्षणांतून निघालं. टीकाकारांनी बोट ठेवलं ते मृत्यूंच्या मोजणीपेक्षा 'नेहमीच्या' दरावर: सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची सरासरी धरलीत, पण काँगोत युद्धाआधीच लोक त्याहून जास्त मरत होते. वाद मिटलेला नाही. लोक मेले यावर वाद नाही, त्यातले किती युद्धाच्या खात्यात घालायचे यावर आहे. आणि तिथली लढाई तर पुढेही चालू राहिली, २०२५ च्या जानेवारीत गोमा शहर पुन्हा बंडखोरांकडे गेलं.

इथवरचं थोडक्यात: तळाचा आकडा म्हणजे नोंदलेली हिंसा. त्याच्या वर अंदाजलेली हिंसा. त्याच्याही वर उपासमार, आजार, बाळंतपण यांतले जादा मृत्यू. तुमचे चार आकडे या शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे आहेत, कधी अख्ख्या देशाचे तर कधी एका राज्याचे.

वरच्या पायरीवर किती माणसं असतात हे मात्र परिस्थितीवर अवलंबून. ठरलेलं प्रमाण नाही. "एक गोळीने तर नऊ उपासाने" अशी वाक्यं फिरतात त्यांवर विश्वास ठेवू नका. जिनैनात गोळीच वरचढ होती. दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१८ या काळात सुमारे ३ लाख ८३ हजार जादा मृत्यू झाले असा अंदाज आहे, त्यातले साधारण निम्मे हिंसेने. खार्टूममध्ये आजार आणि उपासमार पुढे, सुदानच्याच कोर्दोफान आणि दारफूर या प्रांतांत हिंसा. युद्धाआधी जिथे दवाखाने बरे होते आणि लोक त्यांच्यावर विसंबून होते, तिथे ते बंद पडले की पडझड जास्त दिसते. मधुमेह, मूत्रपिंडाचे रोगी, कर्करोगाचे रोगी: शहर आजाऱ्यांना जगवत असतं आणि लढाई शहरात शिरली की हेच आधी जातात. गावात आधी जातात ती पाच वर्षांखालची मुलं.

मुलांचं सांगते, कारण माझा बहुतेक वेळ त्यांच्यातच गेला. सुदानमध्ये युद्धापूर्वी लसीचा पहिला डोस नव्वद टक्क्यांहून जास्त बाळांना मिळत होता. २०२४ मध्ये ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. लस नाही, पोटात अन्न नाही आणि एका ताडपत्रीखाली दहा जण, एवढं जमलं की गोवराला आणखी काही लागत नाही. २०२३ मध्ये व्हाइट नाइल राज्यातल्या नऊ छावण्यांत मे ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाच वर्षांखालची १,२०० हून जास्त मुलं गेली, संशयित गोवर आणि कुपोषणाने. त्या छावण्यांत तेव्हा कुणी गोळी झाडत नव्हतं.

आपल्या अंगणवाडीत जी दंडघेराची पट्टी वापरतात तीच तिकडेही. हिरवा, पिवळा, लाल. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल. जुन्या टॉर्चचा जाडा सेल हातात धरून बघा. लाल रेघेवरच्या मुलाचा दंड त्याहून जेमतेम जाड असतो, आणि त्यात हाड धरलेलं आहे. अद्रेला रांगेत मुलं मोजताना एक सवय लागली होती. पट्टी लावायच्या आधी मूल रडतंय का बघायचं. जे हात लावताच भोकाड पसरतं त्याची मला काळजी नसे. जे पट्टी लावली तरी नुसतं बघत राहतं, त्याला थेट आत.

झमझम नावाची छावणी उत्तर दारफूरमध्ये एल फाशेर शहराजवळ होती, लाखो लोकांची. जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने तिथे झटपट पाहणी केली आणि सांगितलं की दर दोन तासांना एक मूल मरतंय. दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला ऑगस्टमध्ये. मधले सहा महिने गेले कुठे? दुष्काळ ठरवायला तीन गोष्टींचा पुरावा लागतो: किमान वीस टक्के घरांत खायची टोकाची टंचाई, तीस टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि वर सांगितलेला मृत्युदर. वेढ्यातल्या जागी हा पुरावा गोळा करायचा कुणी? या व्याख्येचा कडकपणा मला पटतो, कारण नाहीतर ज्याला त्याला दुष्काळ म्हणतील. पण एक गोष्ट मला खटकत आली आहे. यातली तिसरी अट म्हणजे माणसं मेलेली असणं. ती पुरी झाल्यावर धान्याची गाडी निघाली तर ती उरलेल्यांसाठीच.

निमलष्करी दलाने एल फाशेरला घातलेला वेढा दीड वर्षाच्या आसपास चालला. एप्रिल २०२५ मध्ये झमझमवर हल्ला होऊन ती छावणी रिकामी झाली. वेढलेल्या शहरातले लोक शेवटी अंबाझ खात होते, अशी छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. अंबाझ म्हणजे आपली पेंड, शेंगदाण्याचं तेल काढल्यावर घाण्यात उरते ती. दारफूर भुईमुगाचा मुलूख, म्हणून घाणे आणि पेंड होती. गुरांची पेंड. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हे लोक एरवी ज्वारी खाणारे, घावनासारखी पातळ आंबवलेली किसरा किंवा बाजरी-ज्वारीचा असीदा. दुष्काळ म्हणजे दाणा संपणं, आणि मग पेंड संपणं. शहरात 'तकाया' म्हणजे मोहल्ल्यातल्या सार्वजनिक चुली तरुण स्वयंसेवक चालवत होते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा देशभरातल्या अशा शेकडो चुली विझल्या. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर त्या दलाच्या हाती पडलं. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि सोबतची माणसं मिळून ४६० हून जास्त मारली गेली असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. पुढचे दिवस मोजणारं आत कुणीच नव्हतं. येल विद्यापीठातला एक गट उपग्रहाच्या छायाचित्रांत मानवी देहाच्या लांबीच्या आकृत्या आणि जमिनीवरचे लालसर डाग बघत होता. मृत्यूची मोजणी आकाशातून करायची वेळ आली, तेव्हा आमच्या कागदपट्टीचं काम संपलेलं असतं.

एक बाब मोजणीच्या सगळ्यात बाहेर राहते म्हणून तिचा उल्लेख करते. मार्च २०२५ मध्ये युनिसेफने २०२४ पासूनच्या मुलांवरच्या बलात्काराच्या २२१ नोंदी दिल्या. त्यांत पाच वर्षांखालची मुलं होती, चौघं तर जेमतेम एक वर्षाची. हा आकडा ऐकून कुणी "फक्त २२१?" म्हणालं तर त्यांना सांगा की ही दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलेल्यांची संख्या आहे, आणि लढाईच्या भागांतले बहुतेक दवाखाने तर बंदच पडले.

आता तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे येते. तो म्हणतो वडील आजाराने गेले. डॉक्टर म्हणून मी म्हणेन, तोही बरोबर आहे. दाखला लिहायचा झाला तर कारण मूत्रपिंड निकामी होणं हेच लिहावं लागेल. पण मोजणारी म्हणून मी विचारते, वडील दर आठवड्याला दोन वेळा यंत्रावर झोपत होते आणि जगत होते, मग यंत्र थांबलं कशाने? वीज, पाण्याची टाकी, फिल्टर, परिचारिकेला घरून येता येणारा रस्ता, या चार गोष्टींपैकी एक जरी तुटली तरी डायलिसिस होत नाही. खार्टूममध्ये चारही तुटल्या. औषधांची मध्यवर्ती कोठारं लुटली गेली, लढाई लागलेल्या भागांतली बहुतेक रुग्णालयं बंद पडली. जादा मृत्यूंच्या हिशोबात त्याचे वडील निःसंशय येतात. चुलतभाऊ अ‍ॅक्लेडच्या यादीत असेल किंवा नसेलही, वडील त्या यादीत कधीच येणार नाहीत.

तरी त्याच्याशी वाद घालू नका. अद्रेला कितीतरी घरांत हाच भेद मी ऐकला. गोळीने गेलेल्याला लोक शहीद म्हणायचे, तापाने गेलेल्याला अल्लाहने बोलावला म्हणायचे. दोन दुःखं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्याशिवाय काहींना दिवस काढता येत नाही. माझ्या तक्त्यात रकाना कोणता असावा हा माझा प्रश्न आहे, त्याचा नाही.

आकडा कुठे लिहायचा असेल, निबंधात किंवा मुलांना सांगताना, तर सोबत चार शब्द जोडा: कुणाचा, कुठला, कधीपर्यंतचा, कशाने झालेल्या मृत्यूंचा. "खार्टूम राज्यात जून २०२४ पर्यंत सर्व कारणांनी ६१ हजारांहून जास्त, लंडनच्या गटाचा अंदाज" हे वाक्य लांब आहे पण टिकतं. "सुदानमध्ये दीड लाख ठार" हे पुढच्या वादात कोसळतं, आणि मग समोरचा म्हणतो सगळंच अतिरंजित आहे.

आणि जर कधी तो मुलगा आपणहून बोलायला बसला, चहाबरोबर, तर या गोष्टी विचारून तारखांसकट लिहून ठेवायला सांगा. तुम्ही लिहू नका, त्याने लिहाव्यात, त्याच्या भाषेत. डायलिसिस आठवड्यातून कोणत्या वारी असायचं. शेवटचं कधी झालं. केंद्र कोणत्या मोहल्ल्यात होतं आणि बंद का झालं: वीज, माणसं की सामान. दुसरीकडे कुठे न्यायचा प्रयत्न केला का, वाटेत अडवलं का. शेवटच्या दिवसांत पायांवर, तोंडावर सूज होती का, धाप लागत होती का. गेले ती तारीख, आणि दफन कुठे केलं. खार्टूममध्ये त्या दिवसांत कितीतरी लोकांना घराच्या अंगणात आणि शाळेच्या मैदानात पुरावं लागलं. शहर लष्कराने परत घेतल्यावर त्या कबरी उकरून प्रेतं कबरस्तानात हलवायला सुरुवात झाली आहे. तेव्हा कबर अंगणात असेल, तर कुठल्या भिंतीपासून किती पावलांवर, तेही.